जावयाचा घोटा

तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, अंगाला लागलं की जी खाज सुटते, ती साबणानं जात नाही आणि पावडरीनंही जात नाही. परवा आमच्या वावरात मळणीयंत्र आलं, तासाभरात तुरीचा ढीग गिळून पुढच्या वावरात निघूनही गेलं, आणि मी मात्र दिवस मावळेपर्यंत मान खाजवत बसलो. नात म्हणाली, "आबा, तुमाले कोनं सांगतलं होतं तिथं जाऊन उभं राहाले?" आता तिला काय सांगू बाप्पा. पौष लागला, तूर निघाली आणि ही खाज सुटली की माझे हात शिवशिवायला लागतात. वय सत्तरीच्या पुढं गेलं, गुडघे कुरकुर करतात, तरी वाटतं की समोरून कोणीतरी 'कबड्डी कबड्डी' करत यावं आणि आपण डाव्या कोपऱ्यात वाकून उभं राहावं.

त्यात यंदा घरात वेगळाच दंगा. माझी नात ईश्वरी आणि तिचा बाप दोघंही कबड्डीचे वेडे. टीव्हीवर दिसणाऱ्या कुठल्याशा संघानं बोली लावून एक नवा पोरगा घेतला, आणि तेव्हापासून या बापलेकींचं जेवणाच्या ताटावर भांडण चाललेलं. "त्याची उंची पाह्यली का तुमी?" ही म्हणते. "उंची घेऊन काय चाटायची आहे? पकडीत आला की गेला," तो म्हणतो. मग मोबाईलवर त्या पोराची एक चढाई चार वेळा पाहतात. मी खाटेवर पडल्या पडल्या हसत होतो.

"आबा, हसून काहून राह्यले?"

"तुमी त्याले पाह्यलंच नाही, अन् तोलून राह्यले. आमी आमचा गडी धा-बारा दिवस डोयासमोर तोलला होता. सारं गाव बसलं होतं तोलाले. तरी चुकलो."

चुकलो, पण कसे चुकलो ते सांगायला हवं. तशी चूक आमच्याच गावात होऊ शकते.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली होती. तूर पहिल्यांदाच अशी माणसाच्या छातीला लागली होती. गावातून कुठूनही चाला, शेंगा उकडल्याचा वास यायचा. शेलूबाजारपासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि गावाला नाद एकच, कबड्डीचा. आमच्याकडच्या मालेगावला दर पौषात सामने भरत. दोन वर्षं आम्ही तिथून मान खाली घालून बैलबंडीत बसून परत आलो होतो. त्या साली तर आमचा चढाई करणारा गडी अमरावतीला नोकरीला लागला. पकडीत आम्ही कोणाला भीत नव्हतो. डावा कोपरा माझा होता आणि समोरच्याचा घोटा एकदा माझ्या मुठीत आला की तो परत जात नसे. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, तेव्हाचे लोक सांगत. पण नुसत्या पकडीवर सामना जिंकता येत नाही. समोरच्या अंगणात घुसून, गडी बाद करून, दम न सोडता परत येणारा कोणी पाहिजे, आणि तो आमच्याकडे नव्हता.

उपाय काढला तो नेमीचंदशेठनं. शेठचं गावात कापडाचं दुकान. स्वतः कधी धावले नसतील, पण खेळाचं वेड असं की गिऱ्हाईक समोर कापड धरून उभं असलं तरी हे पारावरची चर्चा ऐकायला जायचे. ते म्हणाले, "सुधाकर, तुझे भाऊजी कुठं आहेत सध्या?"

माझी कमलताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. कामरगावकडच्या एका खेड्यात दिली होती, दोन वर्षं झाली होती लग्नाला. तिचे यजमान वसंतराव चढाईसाठी त्या भागात नावाजलेले. आणि योग असा की ते दोघं त्याच आठवड्यात आमच्याकडे यायचे होते, संक्रांतीपर्यंत राहायला. जावई सासुरवाडीला इतके दिवस राहतो हीच खरं तर नवलाची गोष्ट. पण तेव्हा आमचं डोकं त्या बाजूला गेलंच नाही.

सामन्याचा नियम होता, गडी गावचाच पाहिजे. यावर पारावर दोन दिवस काथ्याकूट झाला. तो मिटवला गंगामावशीनं. ही फुटाणे विकणारी बाई, पण आमचा एकही सामना तिनं चुकवला नव्हता आणि कोणाचा कोणता पाय कच्चा हे तिला तोंडपाठ. टोपली डोक्यावरून उतरवत ती म्हणाली, "पोरगी आपली, तिचं कुकू आपलं, मंग गडी परका कसा होते गा?" संपलं. मालेगावच्या पंचांनीही पुढं हेच मानलं.

ते आले त्या दिवशी शेलूबाजारच्या स्टँडवर आमच्या गावची निदान वीस माणसं होती आणि प्रत्येकाला त्या दिवशी बाजारात काहीतरी काम निघालं होतं. लाल बस थांबली. आधी ताई उतरली, मग एक ट्रंक, मग वसंतराव. त्यांनी दांडा धरला नाही, पायरीला पाय लावला नाही, सरळ खाली उडी घेतली. शेठनं मला कोपरानं ढोसलं. "पाहिलं? आवाज आला का पायांचा?"

नाही आला. खरंच नाही आला.

गावापर्यंतच्या दोन कोसांत वसंतरावांची जेवढी तपासणी झाली तेवढी त्यांच्या लग्नाच्या वेळी आम्हीही केली नव्हती. उंची बेताची, पण कमरेत जोर आहे. मान आखूड, म्हणजे मुंडी पकडीत सापडायची नाही. गंगामावशीनं फक्त पाय पाहिले. "आंगठा जमीन धरून चालते त्याचा," ती म्हणाली, आणि ही खबर आमच्या आधी गावात पोचली. घरी आल्यावर त्यांनी पायरीवर बसून लोटाभर पाणी एका दमात संपवलं. दारात उभ्या असलेल्या लोकांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. दम आहे. जेवायला बसले तेव्हा शेजारच्या तीन बायका मीठ मागायच्या निमित्तानं आमच्या चुलीपाशी. मायनं तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी केली होती, भाकरी टोपलंभर. वसंतराव दीड भाकर खाऊन उठले.

दीडच? गाव क्षणभर चिंतेत पडलं. मग शेठनं निकाल दिला, "चढाईचा गडी हलकाच पाहिजे. जास्त खाणारा पळेल काय?" लगेच सगळ्यांना पटलं. एखादा माणूस आपल्याला आवडायचाच असं एकदा ठरलं की त्याची दीड भाकरसुद्धा गुणात जमा होते.

आमचं मैदान म्हणजे खळं. तूर खळ्यावर यायच्या आधी ते मोकळं असायचं. पोट्टे मिळून ते खणायचे, ढेकळं फोडायचे, वरून गेल्या सालचं कुटार पसरायचे, की पडलं तरी हाड मोडू नये. खाजेनं मात्र जीव जायचा. खेळ उन्हं असतानाच सुरू व्हायचा, कारण शेठ जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, आणि ते आल्याशिवाय खेळ सुरू व्हायचा नाही आणि ते जायच्या आत संपला पाहिजे ही गावाची समजूत.

पहिल्याच दिवशी वसंतराव माझ्या अंगणात चढाई करत आले. काय त्यांची ती चाल. मधल्या रेषेपासून असे तिरपे सरकत आले की मला ते उजवीकडे चालले असं वाटलं, आणि तेवढ्यात डावा पाय माझ्यासमोर. मी झेपावलो. घोटा मुठीत आला. पक्का आला, हाड लागलं हाताला.

आणि माझ्या डोळ्यांपुढं परात आली. तांब्याची, मांडवातली. दोन वर्षांपूर्वी हेच पाय त्या परातीत होते, माय धूत होती आणि मी वरून पाणी सोडत होतो. माझ्यामागं गावातली जाणती पोरं रांगेनं आली होती. आमच्याकडे एका घरचा जावई साऱ्या गावाचा जावई. आज माझ्यासोबत खळ्यात उभे असलेले सगळे त्या रांगेत होते, सगळ्यांनी त्या पायांवर हात ठेवून डोळ्यांना लावले होते. ते पाय धरून कुटारात आपटायचे?

माझी बोटं उघडली. वसंतराव रेषेपार गेले. खळ्याच्या कडेला जो गलका झाला तो मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू गेला असेल.

आता खरी गंमत ऐका. मला वाटलं, मी एकट्यानंच सोडलं. मी तर सख्खा मेव्हणा, मला धर्मसंकट. बाकीच्यांना ते खरंच सापडत नाहीत. उजव्या कोपऱ्यातल्या देवरावला वाटलं, मी एकटाच सोडतो, सुधाकर तर धरायला पाहतो बिचारा. मधल्यालाही तेच वाटलं. प्रत्येकजण आपली सूट पोटात ठेवून दुसऱ्याची फजिती खरी मानत होता. आणि कडेला बसलेलं गाव पाहत होतं की ज्यांच्या पकडीतून कोणी सुटत नाही त्या पोरांना हा गडी रोज धूळ चारतो आहे.

मग काय विचारता. शेठ दोन्ही खिशांत हरभरे घेऊन बसायचे. वसंतरावांनी एक गडी बाद केला की एक हरभरा डाव्या खिशातून उजव्या खिशात. संध्याकाळी उजवा खिसा फुगलेला. त्यांनी पिवळी बनियनं रंगवून आणली आणि वसंतरावांचं माप स्वतः टेप लावून घेतलं, जसं काही कोट शिवायचा आहे. नदीवर धुणं धुताना बाया विचारत, "कमल, तुया नवऱ्यानं काल किती मारले वं?" म्हातारी माणसं मागच्या तीस वर्षांतले सगळे गडी आठवून त्यांच्या पुढं यांना बसवत होती. मी वावरात असलो तरी डोक्यात चढाई. तूर कापताना विळा थांबायचा आणि मी मालेगावची ढाल आमच्या पारावर टांगलेली पाहायचो. इतकं आनंदात असलेलं गाव मी पुन्हा पाहिलं नाही. आपण जिंकणार हे ज्याला आधीच माहीत आहे त्याची झोपच वेगळी.

सामन्याला चार दिवस होते. मी आणि ताई वावरात शेंगा तोडत होतो. मी आपला मालेगावच्या गोष्टी सांगत होतो. ती एकदम म्हणाली, "सुध्या, तुमी त्यायले धरत काहून नाही?"

"धरतो ना. सापडत नाहीत ते."

"माह्या गळ्यावर हात ठिवून सांग."

मी शेंगा तोडत राहिलो. मग तिनं सांगितलं. पावसाळ्यात वसंतराव मुदतीच्या तापानं महिनाभर अंथरुणावर होते. उठले तेव्हा भाकर जाईना, चार पावलं चाललं की धाप लागे. त्यांच्या गावच्या संघानं दिवाळीनंतर त्यांना बसवलं. म्हणाले, दम गेला तुझा, आता पंच हो. तेव्हापासून माणूस घरात बोलत नव्हता. सासुरवाडीला राहायला आला तो त्यामुळंच, त्या गावच्या मैदानावरून रोज जाणं नको म्हणून.

"इथं आले, अन् तुमी धा दिवस त्यायले डोक्यावर घेऊन राह्यले. रोज घरी येऊन मले इचारतेत, कमल, मी खरंच खेळून राह्यलो का? का हे पोट्टे मान ठिवून राह्यले? मी काय सांगू? मले तर दिसते ना कडेवरून. तुये हात काय मले ठाऊक नाही?"

"ताई, मांडवात पाय धुतले त्यायचे."

"धुतले ना? मंग आता धरा." तिचे डोळे भरले होते, पण आवाज मारकुटा होता. "मालेगावले त्यायच्याच गावचा संघ येनार हाय. त्या लोकायनं पाय नाही धुतले त्यायचे. तिथं सर्व्यायसमोर पडले, तर ते पुन्हा उठनार नाहीत सुध्या. पडाचं तर इथं पडू दे, आपल्या खळ्यात."

मला इतकी लाज वाटली. माणूस दहा दिवस एकच गोष्ट विचारत होता, आणि आम्ही सारं गाव मिळून त्याला खोटं उत्तर देत होतो. तेही मोठ्या प्रेमानं.

त्या संध्याकाळी खळ्याच्या कडेला नेहमीपेक्षा जास्त गर्दी. माय पहिल्या रांगेत, नारळ घेऊन, खेळ झाला की ओवाळायचं म्हणून. शेठचे दोन्ही खिसे तयार. वसंतराव आले. तिरपे सरकले. डावा पाय पुढं आला आणि मी झेपावलो.

या वेळी मी डोळे मिटले आणि मूठ आवळली. ते तोंडावर पडले. धडपडले, एक पाय झाडला, मी सोडलं नाही. 'कबड्डी' दोनदा तुटक ऐकू आलं आणि थांबलं. दम गेला होता. खरंच अर्ध्यातच गेला.

मग मायचा आवाज, "अरे मेल्या, जवायाचे पाय ओढतं?" देवराव पुढं आला तो मला मारायलाच. शेठ हातात हरभरा धरून तसेच उभे. वसंतराव उठून बसले. केसांत कुटार, ओठ फुटलेला. माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हे ट्रंक उचलून निघणार आणि ताईला मी पुन्हा कधी तोंड दाखवू शकणार नाही.

ते म्हणाले, "धा दिवस कुठं होता बे हा हात?"

तोपर्यंत ते मला 'सुधाकरराव' म्हणत आले होते. त्यांनी देवरावकडं पाहिलं, मग एकेकाकडं. सगळ्यांच्या माना खाली. त्या माना पाहून बाकीच्यांनाही तेव्हाच कळलं की सोडणारे आपण एकटे नव्हतो. वसंतराव उठले, मधल्या रेषेवर गेले. "आता सगळे धरा. जो सोडीन त्याच्या घरी मी चहा पेनार नाही."

त्या दिवशी आम्ही त्यांना सात वेळा पाडलं. आठव्या वेळी ते सुटले, आणि त्या सुटण्यावर गंगामावशीनं जी आरोळी ठोकली, ती दहा दिवसांतल्या सगळ्या गलक्यांपेक्षा वेगळी होती. पुढचे तीन दिवस खेळ नव्यानं सुरू झाला. आत खोल घुसायचं त्यांनी सोडून दिलं, कारण तेवढा दम उरला नव्हता. रेषेजवळच खेळायचे, पटकन पाय टाकायचा, बोट लावायचं, मागं यायचं. अर्ध्या दमात जेवढं होतं तेवढंच, पण तेवढं असं पक्कं की मला घोटा दिसायचा आणि मिळायचा नाही. शेठनं हरभरे बंद केले. म्हणाले, "आता मोजायची गरज नाही, आता दिसतं."

मालेगावला आम्ही पहाटे बंड्या जुंपून निघालो. शेठ आपला उकळलेल्या पाण्याचा तांब्या मांडीवर सांभाळत. उपांत्य सामना वसंतरावांच्याच गावाशी पडला. त्यांचे जुने सोबती समोर उभे राहून हसले. एकजण म्हणाला, "काय वसंता, सासऱ्यानं घेतलं का खेळाले?" वसंतराव मधल्या रेषेवर गेले. पहिल्या चढाईत त्यांना पकडलं. ताई बायकांच्या घोळक्यात उभी होती, पदर दातात धरून. ते बाहेर बसले, मग आम्ही एक पकड करून त्यांना परत आत आणलं. तो घोटा माझ्या हातानं धरलेला होता, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मग मात्र तो माणूस खेळला. रेषेवरून पाय टाकायचा आणि परत. बोट लावायचं आणि परत. समोरचे वाट पाहत होते की हा आत खोल येईल, पूर्वीसारखा. तो येईचना. शेवटच्या चढाईला आम्हाला दोन गडी हवे होते. एकाला बोट लागलं, दुसऱ्यानं घोटा धरला. अगदी माझ्यासारखा धरला. वसंतराव पडले, आणि पडल्या पडल्या असे ताणले की अंगाची दोरी झाली. हात रेषेवर गेला तेव्हा त्यांचा आवाज निघत होता, बारीक, पण निघत होता. पंचांनी दोन बोटं वर केली.

अंतिम सामना हरलो. ढाल तिसऱ्या वर्षीही नाही आली. पण परतीच्या बंडीत असं गाणंबजावणं चाललं होतं की वाटेत लोक विचारत, जिंकले का? शेठ, ज्यांनी दिवसाउजेडी जेवून घेतलं होतं, ते म्हणाले, "जिंकलोच ना." आणि वसंतराव माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते, तोंड उघडं, पिवळं बनियन फाटलेलं. गावात आल्यावर त्यांनी चार भाकरी खाल्ल्या. मायनं मोजल्या नाहीत, पण शेजारणींनी मोजल्या.

हे सगळं ईश्वरीला सांगितलं तेव्हा तिनं मोबाईल खाली ठेवला. म्हणाली, "आबा, म्हनजे तुमच्या पकडीनं ते खेळाडू झाले?" नाही ग पोरी. ते होतेच. कडेला बसून कोणाला तोलणं सोपं असतं, त्याला जोर लावून धरणारा एकजण लागतो, एवढंच.

दर संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन ताईकडे जातो. ते दोघं आता कामरगावात राहतात. आमच्यात पन्नास वर्षांची एक रीत आहे. मी नमस्काराला वाकलो की भाऊजी झटकन पाय मागं ओढतात आणि मी घोटा धरायला पाहतो. कधी ते जिंकतात, कधी मी. ताई दोघांनाही शिव्या देते. यंदा गेलो तेव्हा भाऊजी खाटेवर होते. अकोल्याला गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तब्येत फार उतरली होती, जेवण पुन्हा दीड भाकरीवर आलेलं. मी वाकलो आणि त्यांच्या पावलांना हलकेच स्पर्श करून हात डोळ्यांना लावला.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेच ते खळ्यातलं पाहणं. म्हणाले, "जवाई समजून राह्यला का बे मले?"

मी खाटेजवळ खाली बसलो आणि चांगल्या पायाचा घोटा मुठीत धरला, पक्का, हाड लागेपर्यंत. भाऊजींनी छाती भरून श्वास घेतला आणि बारीक आवाजात सुरू केलं, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. पाय ओढू लागले. आतून चुलीपाशी बसलेली ताई म्हणाली, "सुध्या, सोडू नको बरं त्यायले."

मी नाही सोडला.